वाचकांच्या संगणक-शंका : डेटाबेसची किल्ली काउंटरवर नको

या महिन्यात कोल्हापूर आणि परिसरातून आलेल्या पत्रांपैकी बरीचशी एकाच विषयाभोवती फिरणारी आहेत. दुकानात किंवा कारखान्यात वर्षानुवर्षे चालत आलेला डेस्कटॉप प्रोग्राम तसाच ठेवून त्याच माहितीवर आता वेबसाइटही चालवायची आहे. तेव्हा डेटाबेसला, म्हणजे नोंदींच्या साठ्याला, विचारायची क्वेरी (माहिती मागण्याची किंवा बदलण्याची आज्ञा) कोणी लिहायची, ती कोठून जावी आणि त्यात धोका कोठे आहे, असा या पत्रांचा रोख आहे. म्हणून या वेळचे सदर त्या एकाच विषयाला दिले आहे. व्यवसायाची माहिती उघड होऊ नये यासाठी पत्रलेखकांची नावे गाळली आहेत.

प्रश्न : शिरोली औद्योगिक वसाहतीत आमचा कास्टिंगवर मशिनिंग करण्याचा कारखाना आहे. स्टोअर, डिस्पॅच आणि हिशेब या तिन्ही विभागांत सी शार्पमध्ये लिहिलेला डेस्कटॉप प्रोग्राम चालतो आणि तो थेट पोस्टग्रेस डेटाबेसला जोडलेला आहे. ग्राहकांना आपल्या ऑर्डरची स्थिती घरबसल्या पाहता यावी म्हणून आता जँगो (वेबसाइट बांधण्याची पाइथनमधील तयार चौकट, म्हणजे फ्रेमवर्क) वापरून वेब पोर्टल केले आहे. उद्यमनगरातील जुन्या ऑफिसातूनही प्रोग्राम चालावा यासाठी राउटरवर ५४३२ हे पोर्ट (बाहेरून जोडणी घेणारे क्रमांकित दार) उघडले आहे. डेटाबेसचा पासवर्ड कॉन्फिग फाइलमध्ये एन्क्रिप्ट करून ठेवला आहे, असे प्रोग्रामर सांगतात. एवढी काळजी पुरेशी आहे का?
— एक उद्योजक, शिरोली

उत्तर : पुरेशी नाही, आणि बाकीचे उत्तर वाचण्यापूर्वी ते पोर्ट बंद करून घ्यावे. ५४३२ हे पोस्टग्रेसचे ठरलेले पोर्ट आहे. इंटरनेटवरील पत्ते एकामागून एक तपासत जाणारे प्रोग्राम अशी उघडी पोर्टे शोधत असतात आणि सापडलेल्या ठिकाणी नेहमीचे पासवर्ड घालून पाहतात. उद्यमनगरातील ऑफिसचे काम अडू नये म्हणून तात्पुरती सोय हवी असेल, तर दोन्ही ठिकाणांमध्ये व्हीपीएन (इंटरनेटवरून जाणारा खासगी, बंदिस्त मार्ग) टाकावे, पण डेटाबेस थेट रस्त्यावर ठेवू नये.

आता पासवर्डविषयी. जो पासवर्ड प्रोग्रामला स्वतः उलगडता येतो, तो उलगडण्याची किल्लीही त्याच प्रोग्राममध्ये कोठेतरी असणार. म्हणजे ज्याच्या हाती प्रोग्रामची प्रत आहे त्याच्या हाती कुलूप आणि किल्ली दोन्ही आहेत. सी शार्पची एक्झी फाइल आयएलस्पायसारख्या मोफत साधनाने उघडली की मूळ कोडच्या जवळ जाणारा मजकूर वाचता येतो. पाइथनचा प्रोग्राम पायइन्स्टॉलरने बांधला असला तरी तोही सुटा करता येतो. अनेक ठिकाणी ज्याला 'एन्क्रिप्शन' म्हटले जाते ते प्रत्यक्षात बेस ६४ असते. त्यात गुप्त असे काहीच नसते, केवळ अक्षरांची मांडणी बदललेली असते. तुमच्या प्रोग्रामरने नेमके काय केले आहे ते एकदा विचारून घ्यावे.

तरीही, समजा, पासवर्ड खरोखरच कोणाला मिळणार नाही अशी व्यवस्था झाली, तरी मूळ अडचण राहतेच. डेस्कटॉप प्रोग्राम थेट डेटाबेसला जोडला जातो तेव्हा त्या जोडणीवरून कोणतीही क्वेरी पाठवता येते. स्टोअरच्या माणसाला दर बदलता येऊ नये म्हणून तुम्ही स्क्रीनवरचे बटण लपवलेले असते, पण बटण लपवल्याने दराच्या टेबलचे कुलूप लागत नाही. सगळे संगणक एकाच नावाने डेटाबेसमध्ये शिरत असतील, तर नोंद कोणी बदलली हेही डेटाबेसला सांगता येत नाही. वेब पोर्टलच्या कोडमध्ये परवानगीचे जे नियम तुम्ही नीट बसवले असतील, त्यांना या दुसऱ्या दाराने वळसा घातला जातो.

सुरक्षिततेपलीकडची एक गोष्टही महत्त्वाची आहे आणि तिचा त्रास बहुधा आधी जाणवतो. वेबसाइट एका ठिकाणी बदलली की ती सर्वांसाठी बदलते. डेस्कटॉप प्रोग्रामचे तसे नसते. डिस्पॅचच्या एका संगणकावर मागच्या वर्षीची आवृत्ती तशीच चालू असते. जँगोच्या मायग्रेशनने (टेबलांची रचना बदलणाऱ्या क्रियेने) एखाद्या कॉलमचे नाव बदलले, की त्या जुन्या प्रतीतील क्वेरी कोसळते, किंवा त्याहून वाईट म्हणजे न कोसळता चुकीच्या रकान्यात लिहीत राहते. शिवाय पोस्टग्रेसची एकाच वेळच्या जोडण्यांची मूळ मर्यादा १०० असते आणि प्रत्येक जोडणीमागे सर्व्हरवर एक स्वतंत्र प्रोसेस चालते. काउंटर वाढतील तशा दिवसभर नुसत्या उघड्या पडलेल्या जोडण्याही वाढतात आणि पोर्टलला जोडणी मिळेनाशी होते.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे : क्वेरी सर्व्हरवरच लिहिलेली असावी आणि डेस्कटॉपने केवळ आपले म्हणणे सांगावे. बँकेत आपण पैसे काढण्याची स्लिप भरून देतो. खातेवही ओढून घेऊन त्यात स्वतः आकडा लिहीत नाही. त्याच रीतीने डेस्कटॉप प्रोग्रामने एचटीटीपीएसवरून जँगोला 'या ऑर्डरपैकी इतके नग आज पाठवले' एवढे कळवावे. हे म्हणणारा कोण आहे, त्याला तसा अधिकार आहे का, तेवढे नग शिल्लक आहेत का, हे सर्व जँगोने तपासावे आणि मगच आपली क्वेरी चालवावी. प्रत्येक विनंतीसोबत प्रोग्रामची आवृत्ती पाठवण्याची सवय पहिल्या दिवसापासून ठेवावी, म्हणजे फार जुन्या प्रतीला 'आधी अपडेट करा' असे उत्तर देता येते.

येथे एक इशारा द्यावासा वाटतो, कारण घाईच्या कामात ही पळवाट फार वेळा काढली जाते. जुन्या प्रोग्राममधील सर्व क्वेरी जशाच्या तशा ठेवायच्या, सर्व्हरवर एकच पत्ता तयार करायचा आणि तेथे आलेला एसक्यूएल, म्हणजे क्वेरीच्या भाषेतील, मजकूर चालवून उत्तर परत द्यायचे, अशी ती पळवाट आहे. तीन दिवसांत काम होते हे खरे, पण त्यातून मिळते ते उघड्या पोर्टाचेच दुसरे रूप, आणि ते फायरवॉललाही साधी वेबसाइट वाटते.

चालू कारखान्यात सगळे एका रात्रीत बदलता येत नाही, याची कल्पना आहे. ज्या कामांत साठा किंवा पैसा बदलतो ती लिहिण्याची कामे आधी जँगोकडे न्यावीत. अहवाल आणि याद्या नंतर नेल्या तरी चालतील. तोपर्यंत डेस्कटॉपसाठी डेटाबेसमध्ये विभागवार वेगळे रोल (ठरावीक अधिकारांची खाती) करावेत, त्यांना लागतील त्याच टेबलांवर आणि लागतील तेवढेच अधिकार द्यावेत, आणि पोस्टग्रेस नावाचा सर्वाधिकारी वापरकर्ता प्रोग्राममधून कटाक्षाने काढून टाकावा. पासवर्ड तपासण्याची पद्धत स्क्रॅम-शा-२५६ असावी; ती पोस्टग्रेसच्या १० व्या आवृत्तीपासून, म्हणजे २०१७ पासून उपलब्ध आहे. तुमचा डेटाबेस १५ व्या आवृत्तीच्या आधीचा असेल, तर त्यात कोणालाही पब्लिक स्कीमामध्ये (टेबलांच्या सामाईक कप्प्यात) नवी टेबले तयार करता येतात. तो अधिकार हाताने काढून घ्यावा लागतो.

प्रश्न : हुपरीत आमचा चांदीच्या दागिन्यांचा व्यवसाय आहे. आमच्या एका ग्राहकाचे आडनाव डिसोझा असून ते इंग्रजीत लिहिताना मध्ये अपॉस्ट्रॉफी येते. ते नाव शोधले की डेस्कटॉप प्रोग्राम एरर देऊन बंद पडायचा. प्रोग्रामरने आता एका अपॉस्ट्रॉफीच्या जागी दोन जातील अशी व्यवस्था केली आहे आणि शोध नीट चालतो. विषय मिटला असे समजावे का? वेबच्या बाजूला फ्रेमवर्क असल्यामुळे तेथे ही अडचण येतच नाही, असे त्यांचे म्हणणे आहे.
— एक सराफ, हुपरी

उत्तर : त्या ग्राहकाचे आभार मानावेत, कारण त्यांच्या आडनावाने एक मोठे भगदाड दाखवून दिले आहे. प्रोग्राम बंद पडणे हे त्याचे सौम्य लक्षण होय.

तुमचा प्रोग्राम क्वेरीचा मजकूर तुकडे जोडून तयार करतो : आधी आज्ञा, मग अपॉस्ट्रॉफी, मग शोधाच्या चौकटीत टाइप केलेले नाव, मग पुन्हा अपॉस्ट्रॉफी. नावातच अपॉस्ट्रॉफी आली की डेटाबेसला नाव तेथेच संपल्यासारखे वाटते आणि पुढचा मजकूर तो आज्ञा म्हणून वाचू लागतो. आडनावाचा उरलेला भाग आज्ञा म्हणून निरर्थक असल्यामुळे एरर येते. पण एखाद्याने तेथे जाणीवपूर्वक 'किंवा एक बरोबर एक' या अर्थाचे एसक्यूएल लिहिले, तर ती अट नेहमीच खरी ठरते आणि तुमच्या सर्व ग्राहकांची यादी त्याच्यासमोर येते. यालाच एसक्यूएल इंजेक्शन म्हणतात. जेफ फॉरिस्टल यांनी डिसेंबर १९९८ मध्ये फ्रॅक या नियतकालिकात त्याची जाहीर चर्चा केली होती. वेबसुरक्षेवर काम करणाऱ्या ओवास्प या संस्थेच्या २०१७ च्या धोक्यांच्या यादीत इंजेक्शन हा प्रकार पहिल्या क्रमांकावर होता आणि २०२१ च्या यादीत तिसऱ्या. उपाय इतका जुना आणि सोपा असूनही हा धोका अजून टिकून आहे, यात दोष तंत्राचा नसून सवयीचा आहे.

दोन अपॉस्ट्रॉफींची युक्ती का पुरत नाही, ते पाहू. बिल क्रमांकासारख्या आकड्याच्या रकान्यात क्वेरीमध्ये अपॉस्ट्रॉफी वापरलेलीच नसते, त्यामुळे तेथे घुसण्यासाठी ती लागतही नाही. मायएसक्यूएलमध्ये मूळ सेटिंगनुसार बॅकस्लॅशलाही विशेष अर्थ असतो. बॅकस्लॅश आणि अपॉस्ट्रॉफी एकापाठोपाठ टाइप केले की दोन झालेल्यांपैकी पहिली अपॉस्ट्रॉफी निष्प्रभ ठरते आणि दुसरी नाव संपवते. तिसरी गोष्ट तुमच्यासारख्या दुहेरी व्यवस्थेत विशेष लक्षात ठेवावी अशी आहे. डेस्कटॉपने दोन अपॉस्ट्रॉफी घालून जतन केलेले नाव डेटाबेसमध्ये एकाच अपॉस्ट्रॉफीसह, म्हणजे मूळ रूपात साठते. महिनाअखेरीस वेबच्या बाजूचा एखादा अहवाल तेच नाव डेटाबेसमधून वाचून पुन्हा दुसऱ्या क्वेरीत चिकटवतो आणि स्फोट तेथे होतो. माहिती आपल्याच डेटाबेसमधून आली म्हणून ती निर्धोक मानणे येथे अंगलट येते.

योग्य मार्ग एकच आहे : क्वेरीचा मजकूर कायम ठेवायचा, नावाच्या जागी खूण ठेवायची आणि नाव पॅरामीटर म्हणून वेगळे पाठवायचे. पोस्टग्रेसमध्ये सर्व्हर आधी क्वेरी समजून घेतो आणि त्यानंतर किमती (म्हणजे नावासारखा भरायचा मजकूर किंवा आकडा) त्या जागांवर बसवतो, त्यामुळे किमतीत काहीही लिहिलेले असले तरी ते आज्ञा होऊ शकत नाही. सी शार्पमध्ये पॅरामीटरचे नाव ॲट चिन्हाने सुरू होते. पाइथनच्या एसक्यूलाइट मोड्यूलमध्ये प्रश्नचिन्ह वापरतात. क्यूटीमध्ये क्वेरी आधी 'प्रिपेअर' करून मग 'बाइंड व्हॅल्यू' करतात. आणि पाइथनमधून पोस्टग्रेसशी बोलणाऱ्या सायकोपीजीमध्ये टक्का-एस ही खूण असते. या शेवटच्या खुणेपाशी दोन चुका नेहमी होतात. ती पाइथनच्या मजकूर जोडण्याच्या खुणेसारखीच दिसत असल्यामुळे स्वल्पविराम देऊन किमती वेगळ्या पाठवण्याऐवजी लोक टक्क्याचे चिन्ह देऊन त्या मजकुरातच मिसळतात. दोन्ही कोड चालतात, पण सुरक्षित एकच असतो. दुसरी चूक म्हणजे खुणेभोवती सवयीने अपॉस्ट्रॉफी घालणे. त्या घालू नयेत. दुकान ऑफलाइन चालावे म्हणून डेस्कटॉपने स्वतःजवळ एसक्यूलाइटची फाइल ठेवली असेल, तर तेथेही हाच नियम पाळावा.

आता फ्रेमवर्कच्या भरवशाविषयी. जँगोच्या ओआरएममधून (कोडवरून स्वतः क्वेरी तयार करणाऱ्या भागातून) नेहमीच्या पद्धतीने शोध घेतला तर किमती पॅरामीटर म्हणूनच जातात, एवढा भाग तुमच्या प्रोग्रामरचा बरोबर आहे. परंतु त्याच जँगोमध्ये 'रॉ', 'एक्स्ट्रा' आणि थेट 'कर्सर' यांमधून हाताने लिहिलेले एसक्यूएल चालवण्याची सोय आहे, आणि तेथे एफ-स्ट्रिंग (पाइथनमध्ये किंमत थेट मजकुरात मिसळण्याची पद्धत) वापरली की आपण पुन्हा पहिल्या ठिकाणी येतो. त्यांना सांगून सर्व कोडमध्ये 'एक्झिक्यूट', 'रॉ' आणि 'एक्स्ट्रा' हे शब्द शोधायला लावावेत आणि त्यांच्या आसपास जेथे अधिकचे चिन्ह किंवा एफ-स्ट्रिंग दिसेल ती प्रत्येक ओळ तपासावी. एका दुपारचे काम आहे.

पॅरामीटरने फक्त किमती जातात. टेबलाचे किंवा कॉलमचे नाव त्यातून पाठवता येत नाही. डेस्कटॉपवर रकान्याच्या शीर्षकावर क्लिक करून यादी क्रमाने लावण्याची सोय असते, आणि त्या वेळी कॉलमचे नाव क्लायंटकडून, म्हणजे वापरकर्त्याच्या संगणकावरील प्रोग्रामकडून, येते. ते जसेच्या तसे क्रम लावण्याच्या फंक्शनला दिल्याने खुद्द जँगोमध्ये धोका निर्माण होत असल्याचे २०२१ मध्ये आढळले होते आणि जुलै महिन्यात ३.१.१३ व ३.२.५ या आवृत्त्यांत तो दूर करण्यात आला. २०२२ च्या एप्रिलमध्ये 'ॲनोटेट' आणि 'ॲग्रिगेट' यांच्याबाबतही बाहेरून आलेली नावे तशीच वापरल्याने असाच दोष समोर आला. तेव्हा आवृत्ती अद्ययावत ठेवावीच, पण तेवढ्यावर विसंबू नये. क्लायंटने 'तारीख', 'वजन' किंवा 'ग्राहक' एवढाच शब्द पाठवावा. कोणत्या शब्दासाठी कोणता कॉलम ही यादी सर्व्हरवर असावी. यादीबाहेरचा शब्द आला तर विनंती नाकारावी.

याच जातीची एक चूक इंजेक्शनमध्ये मोजली जात नाही म्हणून सुटून जाते. क्लायंटने पाठवलेल्या सर्व अटी डिक्शनरीच्या (रकाना आणि किंमत अशा जोड्यांच्या) रूपात थेट 'फिल्टर'मध्ये ओतण्याचा मोह होतो, कारण त्यामुळे शोधाचा प्रत्येक रकाना वेगळा लिहावा लागत नाही. जँगोमध्ये दोन अंडरस्कोर देऊन एका टेबलातून दुसऱ्या टेबलात जाता येते. त्यामुळे ज्याला बिले शोधण्याची परवानगी आहे, तो बिलावरून ते तयार करणाऱ्या वापरकर्त्यापर्यंत आणि तेथून त्याच्या पासवर्डच्या हॅशपर्यंत (साठवलेल्या सांकेतिक रूपापर्यंत) पोहोचून 'हे अमुक अक्षराने सुरू होते का' असे विचारू शकतो. उत्तरात बिले आली किंवा आली नाहीत, एवढ्यावरून हॅश एकेक अक्षराने उलगडत जातो. क्वेरी पूर्णपणे पॅरामीटरची असते, तरी माहिती बाहेर जाते.

प्रश्न : पाइथनमधील पायक्यूटी वापरून डेस्कटॉप क्लायंट आणि जँगो वापरून सर्व्हर, असा माझा प्रकल्प आहे. डेस्कटॉपवरून पोस्ट विनंती (माहिती पाठवणारी विनंती) केली की सर्व्हर ४०३, म्हणजे नकार, देतो आणि सीएसआरएफ टोकन नसल्याचे सांगतो. एका मित्राच्या सल्ल्यावरून सेटिंग्जमधून ती तपासणी करणारी मिडलवेअरची ओळ काढली, आता चालते. यात काही चुकले का?
— एक विद्यार्थी, राजारामपुरी

उत्तर : चुकले, ती ओळ परत घालावी. ब्राउझर कुकी (लॉगिनची ओळख पटवणारी छोटी नोंद) आपोआप पाठवतो, त्यामुळे दुसऱ्याच एखाद्या पानावरून वापरकर्त्याच्या नकळत तुमच्या सर्व्हरवर विनंती पाठवता येऊ शकते. ते रोखण्यासाठी सीएसआरएफ टोकन असते. तुमच्या डेस्कटॉप क्लायंटला तो धोका नाही, पण ओळ काढल्यामुळे ब्राउझरमधून येणाऱ्या सर्वांचे संरक्षण गेले.

डेस्कटॉपसाठी वेगळे एपीआय (प्रोग्रामने सर्व्हरशी बोलण्याचे दार) करावे आणि ओळख कुकीने न पटवता ऑथोरायझेशन हेडरमधील टोकनने (विनंतीसोबत जाणाऱ्या गुप्त ओळखखुणेने) पटवावी. जँगो रेस्ट फ्रेमवर्कमध्ये (जँगोत एपीआय बनवण्याच्या पॅकेजमध्ये) टोकनने आलेल्या विनंतीसाठी सीएसआरएफ तपासणी होत नाही, सेशनने (म्हणजे कुकीने) आलेल्यासाठी होते. मात्र त्यातील अंगभूत टोकन प्रत्येक वापरकर्त्यामागे एकच असते आणि ते आपोआप संपत नाही. संगणकागणिक वेगळे, मुदत असलेले आणि चोरीला गेल्यास एकटेच रद्द करता येणारे टोकन हवे असेल, तर नॉक्ससारखे पॅकेज वापरावे. क्लायंटच्या बाजूला हे टोकन साध्या फाइलमध्ये न ठेवता पाइथनच्या कीरिंगमार्फत विंडोजच्या क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये ठेवावे. स्वतः तयार केलेल्या प्रमाणपत्रामुळे एरर येते म्हणून 'व्हेरिफाय' फॉल्स करण्याचा, म्हणजे प्रमाणपत्राची तपासणी बंद करण्याचा, सल्लाही तोच मित्र देईल. तो ऐकू नये.

आणखी एक गोष्ट पाहावी. टोकन बरोबर असले म्हणजे मागितलेली नोंद त्याच माणसाची आहे असे होत नाही. ऑर्डर क्रमांक १०४१ मागणाऱ्याने १०४२ मागितला तर काय होते, ते करून पाहावे. नोंद शोधण्याची क्वेरीच 'या वापरकर्त्याच्या ऑर्डरींपैकी हा क्रमांक' अशी असावी. आधी नोंद काढायची आणि नंतर कोठेतरी अधिकार तपासायचा, अशी असू नये.

प्रश्न : मार्केट यार्डात आमची गुळाची अडत आहे. आवकेच्या हंगामात इंटरनेट मध्येच जाते. काउंटरवरचा मुलगा पुन्हा 'सेव्ह' दाबतो आणि एकाच मालाच्या दोन पावत्या होतात. प्रोग्रामरने एकदा दाबल्यावर बटण बंद होईल असे केले, तरी अधूनमधून तसे होतेच. शिवाय दोन काउंटरवरून एकाच वेळी विक्री झाली की शिल्लक रवे (गुळाच्या ढेपा) उणे दिसतात.
— एक अडत व्यापारी, शाहू मार्केट यार्ड

उत्तर : बटण बंद करून उपयोग नाही, कारण चूक बोटाची नाही. उत्तर आले नाही याचे क्लायंटच्या दृष्टीने दोन अर्थ असू शकतात : विनंती सर्व्हरपर्यंत पोहोचलीच नाही, किंवा पोहोचली, पावती झाली आणि फक्त उत्तर वाटेत हरवले. या दोहोंतील फरक काउंटरवरून कधीच कळत नाही. म्हणून पुन्हा पाठवणे निर्धोक होईल असेच करावे लागते.

पावतीचा नवा फॉर्म उघडताच डेस्कटॉपने एक यूयूआयडी (पुन्हा न येणारा ओळख क्रमांक) तयार करावा. 'सेव्ह' दाबल्यावर तयार केला तर प्रत्येक दाबण्याला नवा क्रमांक मिळेल आणि सगळा हेतूच बुडेल. पाठवण्यापूर्वी तो पावतीसह स्थानिक एसक्यूलाइट फाइलमध्ये लिहून ठेवावा, म्हणजे वीज जाऊन संगणक पुन्हा सुरू झाला तरी तोच क्रमांक वापरला जाईल. सर्व्हरवर त्या कॉलमला युनिक बंधन (तोच क्रमांक दोनदा साठू नये असे) घालावे. तोच क्रमांक दुसऱ्यांदा आला तर जँगोने एरर न देता आधीचीच पावती परत द्यावी. 'आधी शोधा, नसेल तर घाला' एवढेच कोडमध्ये लिहून भागत नाही. दोन विनंत्या अगदी एका वेळी आल्या तर दोघींनाही 'नाही' असेच उत्तर मिळते. निकाल डेटाबेसच्या बंधनाने द्यावा. जँगोचे 'गेट ऑर क्रिएट' सुद्धा असे बंधन असेल तरच भरवशाचे असते. पाइथनच्या रिक्वेस्ट्स लायब्ररीत मूळ वेळमर्यादा नसते, ती स्वतः घालावी, नाहीतर काउंटर नुसता गोठून बसतो.

उणे रव्यांचे कारण वेगळे आहे. दोन्ही काउंटर शिल्लक वाचतात, दोघांनाही ४० दिसतात, दोघेही ३० वजा करतात आणि नंतर लिहिणारा आधीच्याला पुसतो किंवा आकडा शून्याखाली नेतो. वाचणे, वजा करणे आणि लिहिणे ही तीन कामे वेगळी न ठेवता एकाच अपडेट क्वेरीत 'शिल्लक तीसहून कमी नसेल तर तीसने कमी कर' असे सांगावे. जँगोमध्ये 'एफ' एक्स्प्रेशनसह फिल्टर आणि अपडेट वापरल्यास किती नोंदी बदलल्या तो आकडा परत मिळतो; तो शून्य आला तर 'माल शिल्लक नाही' असे काउंटरला कळवावे. पावती घालणे आणि शिल्लक कमी करणे ही दोन्ही कामे 'ॲटॉमिक' ब्लॉकमध्ये (एक तर दोन्ही होतील किंवा एकही नाही, अशा रीतीने) एकत्र असावीत, कारण जँगो मूळ सेटिंगनुसार प्रत्येक क्वेरी लगेच पक्की करून टाकतो. शिल्लक शून्याखाली जाणार नाही असे चेक बंधनही टेबलावर घालावे. उद्या दुसऱ्या कोणी केलेल्या प्रोग्रामलाही ते लागू राहते.

जुन्या डेस्कटॉप प्रोग्राममध्ये फॉर्म उघडल्यापासून सेव्ह होईपर्यंत नोंद लॉक करून ठेवण्याची पद्धत होती. काउंटरवरचा माणूस चहाला गेला की बाकीचे ताटकळत बसतात. त्याऐवजी नोंदीत आवृत्ती क्रमांकाचा एक कॉलम ठेवावा आणि सेव्ह करताना तो बदललेला आढळला तर सर्व्हरने ४०९ देऊन 'दरम्यान कोणीतरी ही नोंद बदलली आहे' असे सांगावे.

प्रश्न : आमचे सीए एक्सेलमधून थेट डेटाबेसला जोडून स्वतःच्या क्वेरी चालवू इच्छितात. द्यावे का?
— एक धान्य व्यापारी, लक्ष्मीपुरी

उत्तर : द्यावे, पण तुमच्या प्रोग्रामचा लॉगिन देऊ नये. त्यांच्यासाठी वेगळा रोल करावा, त्यांना लागणारे रकाने असलेले व्ह्यू (निवडक माहितीच दाखवणाऱ्या तयार क्वेरी) तयार करावेत आणि त्या रोलला फक्त त्या व्ह्यूंवर वाचण्याचा अधिकार द्यावा. ग्राहकांचे मोबाइल क्रमांक आणि बँक खाती त्या व्ह्यूंमध्ये नसावीत. पोस्टग्रेसमध्ये रोलला 'केवळ वाचन' असे सेटिंग आणि क्वेरीची वेळमर्यादा देता येते. ती द्यावीच, म्हणजे चुकून लावलेल्या एखाद्या अवजड क्वेरीने दुकानाचे बिलिंग थांबणार नाही. मात्र ही दोन्ही सेटिंग्ज जोडलेला माणूस स्वतः बदलू शकतो, त्यामुळे खरे कुलूप अधिकारांचेच असते. जोडणी दुकानाच्या नेटवर्कमधून किंवा व्हीपीएनमधूनच व्हावी.

सीएंना रोजचा ताजा आकडा नको असेल आणि महिन्याचा उतारा चालत असेल, तर पोर्टलवरून सीएसव्ही फाइल देणे सर्वांत सोपे. त्या फाइलमध्ये बरोबर, अधिक, उणे किंवा ॲट या चिन्हाने सुरू होणारा ग्राहकाने भरलेला मजकूर एक्सेल सूत्र म्हणून चालवू शकते, एवढे पाहून घ्यावे.

प्रश्न : एरर आल्यावर पूर्ण क्वेरी स्क्रीनवर दिसते. त्याचा फोटो काढून प्रोग्रामरला पाठवणे आम्हाला सोयीचे पडते. हे चालू ठेवावे का?
— एक वाचक, गांधीनगर

उत्तर : चालू ठेवू नये. क्वेरीतून टेबलांची व कॉलमांची नावे बाहेर जातात आणि जँगोचे 'डीबग' (चुका शोधताना वापरायचे सेटिंग) चालू राहिले असेल तर पानावर सेटिंग्जचाही बराच भाग दिसतो. वापरकर्त्याला एक छोटा संदर्भ क्रमांक दाखवावा आणि त्याच क्रमांकाने पूर्ण तपशील सर्व्हरच्या लॉगमध्ये (घडामोडींच्या नोंदवहीत) लिहावा. फोटोऐवजी तो क्रमांक पाठवणे तितकेच सोयीचे पडते. लॉगमध्ये पासवर्ड आणि टोकन येणार नाहीत याची खबरदारी घ्यावी. सर्ट-इन या केंद्रीय यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार कंपन्यांनी आपले लॉग १८० दिवस जपून ठेवायचे असतात आणि ठरावीक प्रकारची सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांच्या आत कळवायची असते. तेव्हा डिस्क भरली म्हणून दर आठवड्याला लॉग पुसणारी स्क्रिप्ट तुमच्या सर्व्हरवर असेल, तर तीही याच वेळी बदलून घ्यावी.